ऱ्हाईनकाठच्या जुन्या गास्थोफमध्ये मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत मुलांकडे आलेले आईवडील, फ्रँकफर्ट-माइन्झच्या भागात नोकरी करणारी मंडळी आणि युरोपच्या सहलीतले दोन दिवस मोकळे ठेवून येणारे प्रवासी गास्थोफबद्दल, म्हणजे खाली खानावळ आणि वर खोल्या असलेल्या घरगुती मुक्कामाबद्दल, हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. उत्तरं मध्य ऱ्हाईनच्या खोऱ्यापुरती आहेत. जर्मनीच्या इतर भागांत चाली थोड्या वेगळ्या असू शकतात.

मध्य ऱ्हाईनचं खोरं म्हणजे नेमका कोणता भाग?

बिंगेन आणि रूडेसहाइम या समोरासमोरच्या गावांपासून कोब्लेन्झपर्यंतचा, नदीच्या वळणांसह साधारण ६५ किलोमीटरचा पट्टा. २००२ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. इथे नदी पाटीच्या दगडाच्या डोंगरांतून अरुंद वाट काढत जाते. उतारांवर द्राक्षमळे, त्यांच्या डोक्यावर किल्ले, आणि डोंगर व पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गावं, रस्ता आणि रेल्वे. चाळीसच्या आसपास किल्ले आणि गढ्या या एवढ्याशा अंतरात आहेत.

फ्रँकफर्टहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मग मुक्काम कशाला?

येता येतं, आणि बहुतेक लोक तसंच करतात. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात बोटी भरभरून माणसं उतरतात, गल्ल्या गजबजतात, आइस्क्रीमच्या रांगा लागतात आणि शेवटच्या बोटीबरोबर सगळं पांगतं. त्यानंतर गाव गावकऱ्यांचं होतं. द्राक्षमळेवाला स्वतःच्या वाइनश्टूबेत, म्हणजे वाइनच्या खानावळीत, येऊन बसतो, शेजारीपाजारी एकाच लांब टेबलावर दाटीवाटीने बसतात आणि तुम्हालाही सरकून जागा करून देतात. सकाळी सात वाजता नदीवर धुकं असतं आणि तटबंदीवर तुमच्याशिवाय कुणी नसतं. हे खोरं पाहायचं असेल तर किमान एक रात्र, जमल्यास दोन रात्री राहाच. एका दिवसात पाच किल्ले बोटीवरून बघण्यापेक्षा एका गावात राहून दोन किल्ले पायी बघणं कितीतरी समाधानाचं आहे.

गास्थोफ म्हणजे हॉटेलच ना?

खाली खानावळ आणि वर मोजक्या खोल्या, असं एका कुटुंबाने चालवलेलं घर म्हणजे गास्थोफ. कित्येक घरं तीन-चारशे वर्षांची असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे असतात. खानावळीत मुख्यतः वाइन दिली जात असेल तर तिला वाइनश्टूबे म्हणतात. काही द्राक्षमळेवालेही पाहुण्यांसाठी खोल्या ठेवतात. तिथे जेवण मिळेलच असं नाही, पण न्याहारी असते आणि वाइनचं तळघर दाखवायला मालक स्वतः येतो. स्वयंपाकघरासह राहायचं असेल तर ‘फेरीनवोनुंग’, म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं घर, शोधा.

कोणत्या गावात राहावं?

आमचं पहिलं मत बाखाराखला. तटबंदी बरीचशी शाबूत आहे आणि तिच्यावरून चालता येतं. मुख्य रस्त्यावरचं लाकडी चौकटींचं ‘आल्टेस हाउस’ १३६८ सालचं आहे. गावाच्या मागे द्राक्षमळ्यातून चढत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत सगळी छपरं, नदी आणि पलीकडचा काठ एका नजरेत येतो. माथ्यावरचा श्टालेक किल्ला आज युवा वसतिगृह आहे. वाटेत वेर्नर चॅपलचे लालसर दगडाचे भग्न अवशेष लागतात. लोक फोटो काढून पुढे जातात, पण तिथे जरा थांबावं. १२८७ मध्ये वेर्नर नावाच्या मुलाच्या मृत्यूचा खोटा आळ ज्यूंवर घातला गेला आणि या काठावरच्या गावागावांत त्यांच्या कत्तली झाल्या. त्या मुलाला संत ठरवून हे चॅपल उभं राहिलं. देखणी कमान बघताना हेही माहीत असायला हवं.

ओबरवेझेल थोडं शांत आहे. तटाचे सोळा बुरूज अजून उभे आहेत आणि वरचा शोएनबुर्ग किल्ला आज हॉटेल आहे. किल्ल्यातच झोपायची हौस असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर तो पर्याय सुंदर आहे.

सांक्ट गोआर सोयीचं आहे. वर ऱ्हाईनफेल्स किल्ल्याचे प्रचंड अवशेष, खाली पलीकडे नेणारी फेरी, आणि समोरच्या काठाने थोडं वर लोरेलाइचा १३२ मीटर उंच कडा. रूडेसहाइम सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत गर्दीचं. केबल कारने द्राक्षमळ्यांवरून वर जाणं मुलांना फार आवडतं, पण शांत रात्र हवी असेल तर ते गाव दिवसाच बघा. काउब छोटं आहे, तिथे खोल्याही कमी. तरी नदीच्या मधोमध बेटावर उभा असलेला फाल्त्सग्राफेनश्टाइन किल्ला खिडकीतून दिसत असेल तर आणखी काय हवं!

एवढे किल्ले इथे का? आणि चढायला किती अवघड?

मुख्य कारण जकात. नदी हाच त्या काळचा महामार्ग होता आणि अरुंद खोऱ्यात नाव अडवणं सोपं. प्रत्येक सरदार, बिशप आणि राजपुत्राने आपापल्या हद्दीत नाका उभारला आणि त्याच्या रक्षणासाठी वर किल्ला बांधला. काउबचा बेटावरचा किल्ला तर १३२७ च्या सुमारास बवेरियाच्या लुडविगने खास जकातीसाठीच उभारला. पुढे १८१३ च्या वर्षअखेरच्या रात्री प्रशियाचा सेनापती ब्ल्यूशर याच ठिकाणी सैन्यासह ऱ्हाईन ओलांडून नेपोलियनच्या मागावर गेला.

बहुतेक किल्ले पडले ते फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या फौजांमुळे, विशेषतः १६८९ मध्ये. ऱ्हाईनफेल्स मात्र १६९२ च्या वेढ्यात टिकला. तो फ्रेंच क्रांतिसैन्याने १७९० च्या दशकात सुरुंग लावून उडवला. आज जे नीटनेटके, टोकदार मनोऱ्यांचे किल्ले दिसतात त्यांतले कित्येक एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या राजघराण्याने आणि श्रीमंतांनी हौसेने पुन्हा बांधलेले आहेत. ऱ्हाईनश्टाइनचं काम १८२० च्या दशकात झालं, श्टोल्त्सेनफेल्स १८४२ मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे मध्ययुगीन किल्ला जसा होता तसा बघायचा असेल तर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग चुकवू नका. मध्य ऱ्हाईनच्या डोंगरी किल्ल्यांपैकी कधीच उद्ध्वस्त न झालेला तो एकमेव. तो फक्त मार्गदर्शकाबरोबरच बघता येतो, म्हणून वेळ आधी पाहून ठेवा.

चढाची चिंता नको. राजगड-तोरण्याची सवय असलेल्यांना हे किल्ले नदीपासून हाकेच्या अंतरावर वाटतील. मात्र पाटीच्या दगडाच्या वाटा पावसात फार निसरड्या होतात, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट हवेतच. खरंच चालायचं असेल तर डाव्या काठावर ऱ्हाईनबुर्गेनवेग आणि उजव्या काठावर ऱ्हाईनश्टाइग या खुणा केलेल्या पायवाटा आहेत. गावागावांत त्यांचे छोटे टप्पे करता येतात.

जुन्या घरातली खोली कशी असते?

लहान, उबदार, थोडी वाकडी. जमीन चालताना करकरते, तुळया खाली आलेल्या असतात, दार बंद करायला जरा खांदा लावावा लागतो. दुहेरी पलंगावर एक मोठं पांघरूण नसतं, प्रत्येकाला स्वतंत्र रजई असते. एसी जवळजवळ कुठेच नसतो आणि पंखाही नसतो. उन्हाळ्यात दिवसा खिडक्या-पडदे बंद ठेवायचे आणि रात्री सताड उघडायचे, घरातले लोकही तेच करतात. जुलै-ऑगस्टच्या उष्णतेच्या लाटेत वरच्या मजल्यावरची, छपराखालची खोली तापते. त्या काळात जाणार असाल तर खालच्या मजल्याची मागा.

आईबाबांचे गुडघे दुखतात. लिफ्ट असते का?

सहसा नसते. जुन्या वास्तूंना संरक्षण असल्याने लिफ्ट बसवणं मालकाच्या हातातही नसतं. जिने अरुंद, लाकडी आणि कधी वळणाचे असतात. बुकिंग करतानाच स्पष्ट लिहा की तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची खोली हवी. हेही लक्षात घ्या की तिथला ‘पहिला मजला’ एक जिना चढूनच येतो आणि तळमजल्यावर बऱ्याचदा खानावळच असते. ज्यांना एकही जिना जमणार नाही त्यांच्यासाठी अंगणापलीकडे नवं बांधकाम असलेला गास्थोफ शोधणं बरं. मोठ्या बॅगा माइन्झ किंवा फ्रँकफर्टला घरी ठेवून एका छोट्या बॅगेत दोन दिवसांचं सामान आणलंत तर सगळ्यांचीच दमछाक वाचेल.

रात्री रेल्वेचा आवाज येतो असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि जाहिरातींत हे कुणी सांगत नाही. दोन्ही काठांवर रेल्वे आहे. उजव्या काठावर मालगाड्या रात्रभर धावतात आणि अरुंद खोऱ्यात आवाज घुमतो. नदीच्या बाजूची खोली म्हणजे सुंदर देखावा आणि सोबत गाड्यांचा खडखडाट. बहुतेक घरांनी जाड दुहेरी काचा बसवल्या आहेत, पण उन्हाळ्यात खिडकी उघडली की त्यांचा उपयोग संपतो. झोप हलकी असेल तर मागच्या बाजूची, मळ्याकडे तोंड असलेली खोली मागा. देखावा संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर बसून बघता येईल.

बुकिंग कसं करावं?

शक्यतो थेट मालकाला ई-मेल करून. साधी इंग्रजी चालते. शाकाहार, मजला, मुलांसाठी जास्तीचा पलंग हे सगळं त्याच पत्रात लिहा. सप्टेंबर-ऑक्टोबरचे शनिवार-रविवार आणि ‘ऱ्हाईन इन फ्लामेन’ या आतषबाजीच्या रात्री कित्येक महिने आधी भरतात, आणि तेव्हा एकाच रात्रीसाठी खोली द्यायला मालक नाखूश असतात.

आणखी दोन गोष्टी. एक, बहुतेक घरांचा आठवड्यातून एक-दोन दिवस ‘रुएटाग’ असतो. त्या दिवशी खोली मिळते पण स्वयंपाकघर बंद. सोमवार-मंगळवारी पोहोचणार असाल तर जेवायचं कुठे ते आधीच विचारा. दोन, इथे चोवीस तास कुणी काउंटरवर नसतं. संध्याकाळी सहानंतर येणार असाल तर फोन करून कळवा, म्हणजे किल्ली कुठे ठेवली ते सांगतात. न कळवता रात्री दहाला पोहोचलात तर दार बंद सापडू शकतं, आणि त्यात त्यांची चूक नसते.

पोहोचल्यावर परदेशी पाहुण्यांना नोंदणीचा फॉर्म भरून सही करावी लागते आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. जर्मन नागरिकांसाठी ही अट १ जानेवारी २०२५ पासून गेली, आपल्यासाठी ती आहेच.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

उपाशी राहावं लागत नाही, पण विचारल्याशिवाय काही मागवू नका. अडचण उघड मांसाची नसते, लपलेल्या मांसाची असते. परतलेल्या बटाट्यांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. बटाट्याचं सूप हाडांच्या पाण्यात केलेलं असू शकतं. फ्लामकूखेन या पातळ भाजलेल्या पोळीवर आणि शरदातल्या कांद्याच्या केकमध्येही तेच तुकडे असतात. ‘ओने श्पेक, ओने शिंकेन’ (डुकराचे तुकडे नकोत, हॅम नको) एवढं म्हटलं की समजतं. अंडं चालत नसेल तर वेगळं सांगा, कारण त्यांच्या हिशेबात अंडं शाकाहारीच.

मागवण्याजोगं बरंच आहे. चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे जाडसर मऊ नूडल्स, पोटभरीचे असतात, मात्र त्यांत अंडं असतं. श्पुंडेकेज हे कांदा-मिरपूड घातलेलं मऊ चीज प्रेट्झेलबरोबर देतात, वाइनच्या सोबतीला उत्तम. एप्रिलपासून २४ जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो. उकडलेल्या बटाट्यांबरोबर आणि लोण्याबरोबर ती मागवली की हॅम वगळून देतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पिवळ्या रानटी अळिंब्या येतात. जैन जेवण मात्र गास्थोफमध्ये मिळेल अशी आशा ठेवू नका, त्यांच्यासाठी स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या.

वेळा कडक आहेत. रात्री साडेआठ-नऊनंतर गरम जेवण मिळत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे दूध, फळं, ब्रेड शनिवारीच आणा.

खोलीत खिचडी लावली तर चालेल का?

नाही. लाकडी घर आहे, आगीची भीती खरी आहे आणि धुराची घंटा वाजली की सगळं गाव जागं होईल. इंडक्शन, कुकर, फोडणी यांतलं काहीच खोलीत नको. थेपले, चिवडा, लाडू आणले तर कुणाची हरकत नाही, फक्त ते खाली खानावळीच्या टेबलावर काढू नका. न्याहारीच्या टेबलावरून दुपारसाठी ब्रेड बांधून नेणंही तिथे चोरीसारखंच धरतात. डबा हवा असेल तर विचारा, थोड्या पैशांत बऱ्याचदा आनंदाने करून देतात.

बाथरूमबद्दल काही माहीत असायला हवं का?

हो, आणि हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगा. शॉवरच्या चौकटीबाहेर जमिनीला पाणी जायला वाट नसते. बादलीभर पाणी ओतलं तर ते लाकडी मजल्यातून खालच्या खोलीत उतरतं आणि नुकसानीचं बिल मोठं येतं. जेट स्प्रे नसतो, म्हणून एक छोटी बाटली किंवा प्रवासी मग जवळ ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

वाइनमधलं काही कळत नाही. कुठून सुरुवात करावी?

रीसलिंगपासून. मध्य ऱ्हाईनचा द्राक्षप्रदेश जर्मनीतल्या लहानांपैकी, आज पाचशे हेक्टरांच्याही आत उरलेला, आणि त्यातला बहुतांश मळा रीसलिंगचा. पाटीचा काळसर दगड दिवसा तापतो आणि रात्री ती ऊब वेलींना देतो. नदी हिवाळ्याची धार कमी करते. थंड प्रदेशात उशिरा पिकणाऱ्या या द्राक्षाला एवढी मदत लागतेच. चव आंबट-ताजी, सफरचंद-लिंबाकडे झुकणारी.

या द्राक्षाची सर्वांत जुनी लेखी नोंद १४३५ सालची आहे. काटझेनएल्नबोगेन घराण्याच्या काउंटच्या हिशेबात, रूसेल्सहाइमच्या मळ्यासाठी घेतलेल्या रोपांचा तो खर्च. याच घराण्याने १२४५ मध्ये सांक्ट गोआरचा ऱ्हाईनफेल्स बांधला आणि जकातीवर श्रीमंत झालं. किल्ला बघून संध्याकाळी खाली येऊन रीसलिंगचा पेला घेतलात की एकाच कुळाच्या दोन गोष्टी तुमच्या वाट्याला आल्या.

मेन्यूवर ‘ट्रोकन’ म्हणजे गोडवा नसलेली, ‘हाल्बट्रोकन’ किंवा ‘फाइनहर्ब’ म्हणजे थोडी गोडसर, ‘लीबलिश’ म्हणजे गोड. पहिल्यांदा पिणाऱ्यांना बहुधा फाइनहर्ब आवडते. वाइनश्टूबेत पेला सहसा ०.२ लिटरचा येतो, तेव्हा चाखण्यापुरती हवी असेल तर ०.१ मागा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फेडरवाइसर मिळते. ती अजून आंबत असलेली, गढूळ, गोड वाइन आहे. सरबतासारखी लागते आणि पटकन चढते, जपून.

दारावर फांद्यांचा झुबका किंवा तोरण टांगलेलं दिसलं तर आत जा. ती श्ट्राउसविर्टशाफ्ट, म्हणजे मळेवाल्याने स्वतःच्या अंगणात किंवा कोठारात उघडलेली हंगामी खानावळ. वर्षाला जास्तीत जास्त चार महिने, चाळीसपर्यंत आसनं, वाइन फक्त घरची आणि खाणं साधं. जिने वेली छाटल्या, द्राक्षं तोडली तीच बाई तुमच्यापुढे पेला ठेवते. या उतारांवर यंत्र चालत नाही, बहुतेक काम हातांनी होतं. म्हणूनच मळे ओस पडत चालले आहेत. डोंगरभर दिसणाऱ्या झुडपांनी भरलेल्या जुन्या दगडी पायऱ्या पूर्वीचे मळेच आहेत. जिथे राहता तिथून एक-दोन बाटल्या विकत घेणं ही त्या माणसांना केलेली खरी मदत आहे.

आम्ही कुणी पीत नाही. मग जाण्यात अर्थ आहे का?

पुरेपूर आहे. द्राक्षाचा रस याच मळ्यांचा असतो आणि अप्रतिम असतो, सफरचंदाच्या रसात सोडा घातलेली ‘आप्फेलशोर्ले’ सगळीकडे मिळते. न पिणाऱ्यांना कुणी आग्रह करत नाही. तळघर बघायलाही पिण्याची अट नसते.

कधी जावं?

आमच्या मते सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. तोडणी चालू असते, पानं पिवळी होतात, हवा चालण्याजोगी असते. मे महिनाही छान. नोव्हेंबर ते मार्च निम्मी घरं बंद असतात आणि मोठ्या बोटींचा हंगामही साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच. कडक उन्हाळ्यानंतर पाणी फार उतरलं तर बोटींचं वेळापत्रक बदलतं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये काउबच्या मोजपट्टीवर पाणी २५ सेंटीमीटरपर्यंत खाली गेलं होतं. उलट पूर आला की नदीकाठचा रस्ताच पाण्याखाली जातो. जुन्या घरांच्या भिंतींवर कोणत्या साली पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा आहेत, त्या जरूर वाचा.

पोहोचायचं कसं आणि नदी ओलांडायची कशी?

फ्रँकफर्ट विमानतळाहून माइन्झला गाडी बदलून बाखाराख सव्वा ते दीड तासात येतं. डाव्या काठाने प्रादेशिक गाड्या गावागावांत थांबतात. रुळांची कामं वरचेवर निघतात, म्हणून निघायच्या दिवशी वेळापत्रक पुन्हा तपासा. माइन्झ-वीसबाडेनपासून कोब्लेन्झपर्यंत नदीवर एकही रस्त्याचा पूल नाही. गाड्या आणि माणसं फेरीनेच जातात. रात्री फेऱ्या थांबतात. पलीकडच्या गावात जेवायला गेलात तर शेवटची फेरी कधीची ते आधी पाहून ठेवा.

पैसे रोख लागतात का? टीप किती?

थोडी रोकड हवीच, विशेषतः श्ट्राउसविर्टशाफ्टमध्ये आणि फेरीवर. टीप पाच ते दहा टक्के. ती टेबलावर ठेवून जात नाहीत. बिल देताना टीप धरून पूर्ण रक्कम सांगायची. काही गावांत दर माणशी, दर रात्री छोटा पर्यटनकर वेगळा घेतात.

भारतातून येणाऱ्यांच्या व्हिसासाठी गास्थोफचं बुकिंग चालतं का?

चालतं. मालकाकडून तारखा आणि सर्वांची पूर्ण नावं असलेलं लेखी पत्र मागा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी लवकर करा, भेटीच्या वेळा मिळत नाहीत.

वाइनच्या बाटल्या भारतात नेता येतात का?

प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येतं, म्हणजे नेहमीच्या पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. हातातल्या बॅगेत चालत नाहीत. मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. मळेवाल्याला सांगितलं तर तो जाड पुठ्ठ्याची पेटी देतो. गुजरात किंवा बिहारमध्ये जाणार असाल तर नेऊ नका, तिथे दारूबंदी आहे.